रात्री वाजावा असा फोन

धडगावला अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून रुजू होतेस, तर बीटचा नकाशा हातात घेण्याआधी फोनचं बघ, बेटा. आपल्या कामात फोन दोन प्रकारचे येतात. एक : “ताई, पोराला कालपासून हगवण लागलीय, डोळे खोल गेलेत.” दुसरा : “मागच्या महिन्याची माहिती नव्या नमुन्यात पाठवा, अर्जंट.” दोन्ही एकाच आवाजात वाजतात. दिवसभर दुसऱ्या प्रकाराने कान किटले, की पहिला येतो तेव्हा बाई फोन उशीखाली सरकवते. चांगल्या, जीव लावून काम करणाऱ्या बायकांचं असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून फोनला मर्यादा घालायची ती आधी त्या पोरासाठी, आपल्या झोपेसाठी नंतर.

पहिल्या आठवड्यातच सगळ्या सेविका, आशाताई, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, भागातले जीपवाले यांचे नंबर फोनमध्ये ‘स्टार’ करून घे. रात्री आठला ‘डू नॉट डिस्टर्ब’ आपोआप लागेल असं ठेव आणि त्यातून या नंबरांना सूट दे. बहुतेक फोनांत आणखी एक सोय असते : पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतोच. ती चालू ठेव. पण नुसतं फोनमध्ये करून भागत नाही, बैठकीत तोंडाने सांगावं लागतं. “जिवाचं असेल तर आधी १०८, मग मला फोन. मेसेज टाकून थांबू नका. आकड्याचं असेल तर मेसेज, मी सकाळी बघेन.” धडगाव-अक्राणीच्या डोंगरात मेसेज एक टिक दाखवून तासन्‌तास पडून राहतो, आणि पाठवणारीला वाटतं, ताईंना कळवलं.

ग्रुप सगळे कायमचे म्यूट. प्रकल्पाचा, बीटचा, पोषण महिन्याचा, निवडणुकीच्या कामाचा, सगळे. सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी निघताना उघडायचे. मेलही सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा. ज्या सूचनेत पैसा आहे, कारवाई आहे किंवा कुणाचं नाव आहे, ती ग्रुपवर आली तर नम्रपणे लिही, “कृपया मेलवर द्यावी.” ग्रुपवरचा निरोप पुसता येतो. मेल तुझ्या हातात राहतो.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते. तुझ्या वर साहेब आहेत, तशा तुझ्या खाली सेविका आहेत. रात्री नऊला वरून निरोप येतो आणि मुख्यसेविका तो आहे तसा खाली ढकलते, “आत्ताच्या आत्ता.” तो कुणाच्या दारात जाऊन पडतो, ते बघ. बाईने दिवसभर पोरांची वजनं घेतलीत, अमृत आहार शिजवून गरोदर बायकांना वाढलाय, घरी येऊन चुलीपुढे बसलीय. घरात रेंज नाही. हातातली भाकरी ठेवून, लेकरू सासूजवळ देऊन ती टेकडीवर चढते. पाऊस असतो, उजेड त्याच फोनचा, आणि बॅटरी आधीच लाल झालेली. चढून कळतं काय, तर स्तनदा मातांचा आकडा हवा होता. सेविकेला आपण मानधन देतो आणि चोवीस तास मागतो. हे मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही.

यावर उपाय एका जाड वहीचा आहे. प्रत्येक अंगणवाडीला एक पान : गरोदर, स्तनदा, सहा महिने ते तीन वर्षं, तीन ते सहा, सॅम (तीव्र कुपोषित), मॅम (मध्यम कुपोषित), आणि स्थलांतरित. शेवटचा रकाना विसरू नको. दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला पाडेच्या पाडे उठतात आणि आकडे तिथेच चुकतात. महिन्याची वजनं झाली की लगेच पान भर. रात्री विचारले जाणारे बहुतेक आकडे त्या पानावर असतात, साहेबांना तू स्वतः देऊ शकतेस, सेविकेला उठवावं लागत नाही. जे खरंच विचारायचं आहे ते रात्री वहीत लिही आणि सकाळी दहाला पाठव.

घरपोच आहारासाठी १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी आली. त्यातला ओटीपी पुष्कळदा नवऱ्याच्या फोनवर जातो आणि नवरा असतो उसाच्या फडात. तो संध्याकाळी मोकळा होतो, म्हणून सेविकेची रात्र त्यात जाते. सगळं कुटुंब गावात असतं त्या दिवसांत, भर दुपारी बसून, शक्य तिथे आईचा किंवा घरी राहणाऱ्या माणसाचा नंबर जोडून घे.

साहेबांना “जमणार नाही” म्हणू नको. वेळ सांग. “सर, पाड्यांवर रेंज नाही, उद्या दुपारी दोनपर्यंत देते.” आणि दोनच्या आत दे. असं चार वेळा झालं की रात्रीचे निरोप आपोआप कमी होतात. तू सांगितलेली वेळ पाळली नाहीस, तर मात्र तुझ्या शब्दाला काही किंमत उरत नाही.

कायद्याची वाट बघत बसू नको. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोनपासून दूर राहण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. पण माणसांनी मिळून ठरवलं तर होतं. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद. आणि आपल्याच बायकांचं घे. जुने सरकारी फोन तापायचे, अडकायचे, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये धड मराठी नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. एकटीने केलं असतं तर नोटीस आली असती. तुझ्या प्रकल्पातल्या बाकीच्या मुख्यसेविकांशी बोलून रात्रीची एकच वेळ ठरवा, म्हणजे एकीला “ती बघा, लगेच देते” असं कुणी ऐकवणार नाही.

पाड्यावर जाशील तेव्हा रेंज नसेल. निघण्याआधी ग्रुपवर टाक, “आज भेटीवर, चारनंतर उपलब्ध.” मग तो वेळ काट्याला आणि दंडघेराच्या पट्टीला दे. २०२० मध्ये चिमलखेडीच्या सेविका रेलू वसावे नर्मदेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर गेल्या, कारण करोनाच्या भीतीने बायका-पोरं अंगणवाडीत येईनात. होडीत त्यांच्यासोबत आहार होता आणि वजनकाटा होता. पोराच्या दंडाला हात लावल्याशिवाय आपलं काम होत नाही, ते कुठल्याच ग्रुपवर होत नाही.

घरी गेल्यावर फोन ओटीवर चार्जिंगला, आवाज मोठा. उशाशी गजराचं घड्याळ ठेव, नाहीतर वेळ बघायला म्हणून फोन हातात येतो आणि अर्धा तास जातो.

आणि होळीला रजा घे. काठी गावची होळी सोडू नको. रजेआधी शेजारच्या बीटच्या ताईंना चार्ज दे, सॅम पोरांची यादी नाव-पाड्यासह त्यांच्या हातात दे, त्यांचा नंबर सेविकांना दे आणि प्रकल्प कार्यालयाला मेल कर. त्यांच्या रजेत त्यांचं बीट तू सांभाळायचं, हेही त्याच दिवशी बोलून घे.