डबा मॉनिटर, पातळ पडदा आणि आपले डोळे



कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत विहाराला लागून मुलांची अभ्यासिका आहे. एका कार्यालयाने आपले जुने संगणक काढले, तेव्हा त्यांतले चार या अभ्यासिकेला देणगी म्हणून मिळाले. दोघांचे मॉनिटर पातळ होते, दोघांचे जुन्या टीव्हीसारखे डबा. आयाबायांनी लगेच सांगितले, "आमच्या मुलांना डब्यापुढे बसवू नका, त्याच्या किरणांनी डोळे जातात." म्हणून दोन्ही डबे मागच्या बोळात नेऊन ठेवले. पंधरा दिवसांत कोणीतरी तांब्यासाठी त्यातला एक दगडाने फोडला. आम्ही तिथे गेलो तेव्हा लहान मुले त्या काचांच्या तुकड्यांशी भातुकली खेळत होती.

ज्या डब्यापासून धोका जवळजवळ नव्हता, त्याला आपण घाबरलो. तोच फुटून विषारी झाला, तेव्हा मात्र कोणी घाबरले नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर जुन्या आणि नव्या पडद्याची तुलना करीत आहोत. ऐकीव गोष्ट तपासून मगच स्वीकारावी, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तीच रीत इथेही लावू.

जुना डबा कसा चालतो?

डब्यात काचेची मोठी नळी असते. तिला आपण पिक्चर ट्यूब म्हणतो. 1897 मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे मूळ रूप तयार केले. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो आणि पुढच्या काचेला आतून लावलेल्या भुकटीवर आदळतो. झोत पडला की भुकटी उजळते. हा झोत सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा सगळा पडदा वरपासून खालपर्यंत रंगवतो.

झोताला जोर यावा म्हणून रंगीत ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो. इतक्या जोराने आदळताना थोडे क्ष-किरण निर्माण होतात, हे खरे. पण ते बाहेर येऊ नयेत म्हणूनच काच जाड करतात आणि तिच्यात शिसे मिसळतात. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या मॉनिटरसमोर बसणाऱ्याला या किरणांचा त्रास होत नाही. डबा शाबूत असतो तोवर हे शिसे आपले रक्षण करते. डबा फोडला की तेच शिसे आपल्या घरात येते.

पातळ पडदा कसा चालतो?

पातळ मॉनिटरमध्ये झोत नाही, पोकळ नळी नाही. मागे दिवा असतो आणि पुढे द्रवस्फटिकांचा पातळ थर. हा थर ठिकठिकाणी उजेड अडवतो किंवा सोडतो आणि त्यातून चित्र तयार होते. जुन्या एलसीडी पडद्यांत मागचा दिवा म्हणजे बारीक ट्यूबलाईट असे आणि तिच्यात काही मिलिग्रॅम पारा असे. नंतर आलेल्या एलईडी पडद्यांत पारा नसतो. म्हणजे पातळ पडदाही फोडण्याची वस्तू नव्हे, जुना एलसीडी तर नाहीच.

डोळ्यांना कोणता बरा?

वाचण्यासाठी पातळ पडदाच बरा, पण त्याचे कारण किरण नव्हे. डब्याचे चित्र सतत विझते आणि उजळते. साठ हर्ट्झवर ठेवलेल्या डब्याचा हा लुकलुकाट काहींच्या डोळ्यांना जाणवतो आणि डोके दुखते. संगणकाच्या सेटिंगमध्ये पंच्याऐंशी किंवा निदान पंच्याहत्तर हर्ट्झ निवडले तर त्रास कमी होतो. डब्यावर अक्षरेही थोडी पसरट दिसतात आणि फुगीर काचेवर ट्यूबलाईटची तिरीप पडते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांशी संबंधित आहे. डबा दीड फूट खोल असतो. दहा बाय बाराच्या खोलीतल्या अरुंद टेबलावर तो ठेवला की मूल अगदी पडद्याला नाक लावून बसते. पातळ पडदा भिंतीलगत सरकवता येतो आणि डोळ्यांना अंतर मिळते.

विजेचाही हिशेब करा. सतरा इंची डबा सुमारे ऐंशी वॅट घेतो, तेवढाच एलईडी पडदा सुमारे वीस वॅट. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस अभ्यासिका चालली तर डब्याला सोळा युनिट लागतात, एलईडीला चार.

मग पातळ पडदे येऊनही डोळ्यांच्या तक्रारी का वाढल्या? पडदा जवळ आला म्हणून. डब्याचा टीव्ही आपण सहा-सात फुटांवरून पाहत होतो. संगणक दोन फुटांवर आला. मोबाईल तर अंथरुणात, वीतभर अंतरावर आला. जवळचे पाहताना डोळ्याच्या आतला स्नायू आवळलेला राहतो आणि थकतो. शिवाय आपण मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा पापणी मिटतो, पण पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात.

निळ्या उजेडापासून वाचवणारा म्हणून महागडा चष्मा विकला जातो. त्यावर पैसे घालवू नका. 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे त्यात आढळले नाही.

घरात आणि अभ्यासिकेत काय करावे?

1. पडदा हातभर लांब ठेवा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी.
2. खिडकी किंवा दिवा पडद्याच्या मागे किंवा समोर नको, बाजूला असावा. अंधारात पडदा पाहू नका.
3. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरची वस्तू वीस सेकंद पाहा. खोली लहान असेल तर दारात येऊन गल्लीच्या टोकाकडे पाहा. मुद्दाम पापण्या मिटा.
4. मुलांना रोज दोन तास तरी उघड्यावर खेळू द्या. दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लांबचे न दिसण्याचा दोष कमी आढळतो.
5. मूल फळ्यावरचे पाहून लिहीत नसेल, डोळे बारीक करून पाहत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. डोळे तपासा. ठाणेकरांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कल्याणकरांनी रुक्मिणीबाई, तर डोंबिवलीकरांनी शास्त्रीनगर रुग्णालयात आधी चौकशी करावी. चष्मा लागला म्हणून मुलीच्या लग्नाची काळजी करू नका. तिला फळा नीट दिसतो का, याची काळजी करा.
6. चाळिशीनंतर अंधुक दिसू लागले तर मोबाईलला दोष देऊन थांबू नका. साखर तपासा. मधुमेह डोळ्याचा पडदा गुपचूप खराब करतो. बाबासाहेबांनाही उत्तरायुष्यात मधुमेहाने ग्रासले होते आणि दृष्टी मंदावली होती, तरी त्यांनी वाचन सोडले नाही. त्यांच्या काळी नव्हत्या अशा तपासण्या आणि उपचार आज आपल्या हाताशी आहेत.

डबा फोडू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा शिसे असते. एका मॉनिटरमध्ये ते किलोच्या आसपास भरते, मोठ्या टीव्हीत त्याहून जास्त. अख्ख्या काचेला हात लागल्याने काही होत नाही. पण काच फोडताना उडणारा भुगा आणि आतली भुकटी श्वासातून जाते, हाताला लागून पोटात जाते, कपड्यांवरून घरी येते.

शिसे लहान मुलाच्या मेंदूवर घाला घालते. शिकणे मंदावते, लक्ष लागत नाही, रक्त कमी होते, पोट दुखते. गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळाला पोहोचते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या समाजाने शिक्षणाच्या बळावर मान वर केली, त्याच्या मुलांची बुद्धी पावशेर तांब्यासाठी गहाण पडावी काय?

धोके आणखीही आहेत. ट्यूब आतून निर्वात असते. घाव बसला की ती आत कोसळते आणि काचा बंदुकीच्या छर्ऱ्यासारख्या उडतात. प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो आणि जबर झटका देतो. तांब्यासाठी वायरी जाळल्या तर प्लास्टिकचा विषारी धूर निघतो. आधारवाडी आणि दिव्याच्या डंपिंगचा धूर आपण वर्षानुवर्षे गिळला. आता तो घरच्या ओट्यावर तरी पेटवू नये.

भंगारावर पोट असलेली घरे आपल्यातच आहेत. कचरा वेचणाऱ्या आपल्या भगिनींनी शहर स्वच्छ ठेवले आहे. धंदा सोडा, असे आम्ही म्हणत नाही. डबा अख्खा उचला, अख्खाच विका, एवढेच म्हणतो. भंगारवालाही तो फोडणार असेल, तर विहारात चार-पाच घरांचे डबे एकत्र करा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाला बोलवा. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. हा कचरा नोंदणीकृत केंद्रातच मोडला जावा, असे ते सांगतात. अशा केंद्रांची नावे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात. मंडळाची कार्यालये ठाण्यात आणि कल्याणमध्ये आहेत. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातही घनकचऱ्याच्या माणसाला विचारा.

डबा फुटलाच तर मुलांना दूर न्या. कोरडा झाडू मारू नका, भुगा उडतो. हातमोजे घालून काचा जाड पिशवीत भरा, जमीन ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या. कपडे वेगळे धुवा. जेवणाआधी साबणाने हात धुवा. घरात कोणी हे काम रोज करीत असेल आणि मूल सतत पोटदुखीची तक्रार करीत असेल, तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा. रक्तातल्या शिशाची तपासणी करता येते.

त्या अभ्यासिकेतला उरलेला डबा आता पुन्हा टेबलावर आहे. पंच्याऐंशी हर्ट्झवर, हातभर अंतरावर. एक मुलगी त्यावर मराठी टायपिंग शिकते आहे. तो बिघडेल तेव्हा अख्खाच बाहेर जाईल, असे तिथल्या महिला मंडळाने ठरवले आहे. आपल्या विहारातही हे एकदा वाचून दाखवा.

नमो बुद्धाय, जयभीम!