सांडपाण्यावर जळणाची झाडे: हिशेब जमतो का?

प्रश्न : प्रवरा कालव्याचे आवर्तन लांबले की आमच्याकडे उभी पिके माना टाकतात. गावातले सांडपाणी मात्र बारा महिने ओढ्याने वाहतच असते. ते शुद्ध करून त्यावर सुबाभूळ, निलगिरी अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावली आणि त्या लाकडावर वीज केली, तर गावाची विजेची गरज भागेल का? अशा पाण्याने जमीन आणि विहिरी नासणार तर नाहीत ना?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : तुम्ही विचारताय एक, पण त्यात प्रश्न दोन आहेत : सांडपाण्याचे काय करायचे आणि वीज कुठून आणायची. पहिला प्रश्न या झाडांनी चांगलाच सुटतो, दुसरा अगदी थोडा. असे का, ते आकड्यांनीच पाहू.

आधी पाणी. 2011च्या जनगणनेत श्रीरामपूर शहराची लोकसंख्या 90 हजारांच्या जवळपास होती. शहरासाठी माणशी रोज 135 लिटर पाणी हा रूढ निकष आहे आणि त्यातले साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे रोज सुमारे 97 लाख लिटर. दाट पानांची, ओलीत असलेली झाडे आपल्या हवेत दिवसाला सरासरी 5 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 50 हजार लिटर पाणी उडवतात असे धरू. या हिशेबाने गावाचे सगळे सांडपाणी सुमारे 190 हेक्टर, म्हणजे पावणेपाचशे एकर झाडांना पुरते.

आता वीज. चांगली निगा राखली तर हेक्टरी वर्षाला 15 टन कोरडे लाकूड धरता येईल. 190 हेक्टरांचे झाले 2,850 टन. एका युनिटला सव्वा ते दीड किलो लाकूड लागते, म्हणजे वर्षाकाठी 20 लाख युनिटांच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण 90 हजार माणसांत वाटला तर माणशी 22 युनिटे येतात. एवढ्यात एक पंखा रोज दहा तास लावला तर जेमतेम महिनाभर चालेल, तोही वर्षातून एकदाच. शेजारच्या साखर कारखान्याशी तुलना करा. रोज 2,500 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला 700 टन बगॅस निघते. त्यात निम्मे पाणी असते हे लक्षात घेतले, तरी आपल्या झाडांचे वर्षाचे जळण तिथे आठ दिवसांत तयार होते.

म्हणून या लाकडावर गाव उजळेल ही अपेक्षा सोडून द्यावी. त्याचा खरा उपयोग गळीत हंगाम संपून बगॅस सरल्यावर बॉयलरला आहे. मात्र लाकूड ओले घालू नये. नुकत्याच तोडलेल्या फांदीच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते आणि जळणाची बरीच ऊब ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते. तुकडे करून उन्हात वाळवले की तेच लाकूड कितीतरी जास्त उष्णता देते. सुबाभूळ किंवा निलगिरी तोडली की बुंध्यापासून पुन्हा फुटते, उसाच्या खोडव्यासारखी. त्यामुळे दर तोडीला नवी लागवड करावी लागत नाही.

अनेकांचा समज असा की झाडांना पाणी कितीही सोडा, ती पितातच. हरियाणात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने एक मीटर रुंद, अर्धा मीटर उंच वरंब्यांवर झाडे लावून सऱ्यांमधून सांडपाणी सोडण्याची पद्धत बसवली. तिथे हेक्टरी रोज 3 ते 10 लाख लिटर पाणी सोडण्याची शिफारस होती. आपण धरलेल्या 50 हजार लिटरांच्या हे सहा ते वीस पट झाले. उरलेले पाणी मुरून खाली जाते. आपली काळी जमीन तर पाणी सावकाश मुरवते. निचरा नसेल तर ती दलदलते, सांडपाण्यातले क्षार वर येतात, वरंब्यावर पांढरा थर दिसू लागतो आणि काही वर्षांत जमीन चोपण होते. कालव्याखालच्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा आधी चर खणून निचरा करावा, मगच पाणी सोडावे.

दुसरा समज : सांडपाणी म्हणजे फुकटचे खत, जितके जास्त तितके बरे. लिटरमागे 30 मिलिग्रॅम नत्र असेल, तर पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांत हेक्टरी 360 किलो नत्र पडते. सुरू उसाची शिफारसही 250 किलोच आहे. झाडांना न लागलेले नत्र नायट्रेट होऊन झिरपत विहिरीत उतरते. म्हणून विहिरींच्या पाण्याची तपासणी नेमाने व्हायलाच हवी. पावसाळ्यात झाडांना हे पाणी नको असते, पण सांडपाणी काही थांबत नाही. त्या दिवसांसाठी साठवण तळे हवे.

तिसरा समज : शुद्ध केलेले पाणी म्हणजे निर्धोक पाणी. प्रक्रियेनंतरही त्यात जंतांची अंडी राहू शकतात. सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे एकापेक्षा जास्त अंडे नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. जळणाचे लाकूड कोणी खात नाही, म्हणून भाजीपाल्यापेक्षा इथे धोका कमी. पण सुबाभळीचा पाला शेळ्यांना आवडतो. या झाडांचा पाला तोडू देऊ नये, शेळ्या आत सोडू नयेत, मजुरांना बूट आणि हातमोजे द्यावेत आणि तोडणीआधी पाणी बंद करावे. कारखान्यांचे सांडपाणी यात मिसळू नये, कारण त्यातले जड धातू शेवटी राखेत साठतात आणि मग ती राख शेतात घालता येत नाही.

ही कल्पना नवी नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने झाडांकरवी सांडपाणी हवेत उडवण्याची पद्धत विकसित केली आहे. स्वीडनमध्ये एनशोपिंग गावाजवळ सुमारे 75 हेक्टर विलोच्या लागवडीला सांडपाणी केंद्रातले नत्रयुक्त पाणी देतात आणि ते लाकूड गावाच्या उष्णता-वीज केंद्रात जाळतात. आपल्याकडे उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने सुबाभळीचा मोठा प्रसार केला, पण 1988च्या सुमारास सिलिड किडीने ती देशभर झोडपली. म्हणून एकाच जातीवर विसंबू नये. सुबाभूळ, निलगिरी, बांबू असे मिश्रण ठेवावे.

थोडक्यात, झाडे जरूर लावावीत, पण मुख्य फायदा ओढा आणि नदी स्वच्छ राहण्याचा आणि जळण ही वरकड मिळकत, असे धरून. नगरपालिकेकडे मागणीही त्याच क्रमाने करा : प्रक्रिया केंद्र बारा महिने चालावे, पाण्याच्या तपासणीचे अहवाल लोकांना दिसावेत आणि हे पाणी घेणारी, निचऱ्याची जमीन आधी ठरावी. या तीन गोष्टी झाल्या की रोपे लावायला उशीर करण्याचे कारण नाही.