शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

तंबाखू, मिश्री व गुटखा यांच्या सेवनामुळे गाल, जीभ व हिरड्यांचा कर्करोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळतो. पुष्कळ रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा रोग जबड्याच्या हाडापर्यंत किंवा मानेतील ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो. अशा अवस्थेत केवळ शस्त्रक्रिया पुरेशी ठरत नाही.

शस्त्रक्रियेत गाठ, तिच्या भोवतालचा काही भाग व मानेतील ग्रंथी काढल्या जातात. तरीही डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्करोगाच्या पेशी मागे राहू शकतात. त्यांच्या नाशासाठी आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा ते साडेसहा आठवडे किरणोपचार दिले जातात.

रसायनोपचार मात्र सर्वांनाच लागत नाहीत. काढलेल्या भागाच्या कडेवर रोग आढळला, अथवा तो ग्रंथीचे आवरण भेदून बाहेर पडला असेल, तर किरणोपचारांसोबत ‘सिस्प्लॅटिन’ हे औषध देतात. त्यामुळे किरणांचा परिणाम वाढतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के, तर दोन्ही उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. या औषधाचा मूत्रपिंड व श्रवणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून आधी तपासण्या आवश्यक असतात.

कुटुंबीयांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावेत आणि मध्ये खंड पडू नये, कारण त्या अवधीत उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. जखम भरली, रुग्ण जेवू लागला, की घरी परतावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पुढे तोंडात व्रण होतात, गिळणे कठीण होते, वजन घटते. तेव्हा उपचार सोडून देण्याचा विचार मनात येतो. अशा वेळी नाकातील नळीने पातळ आहार देता येतो, वेदनाशामक औषधे देता येतात. उपचार मात्र थांबवू नयेत.

बाहेरगावच्या कुटुंबाला औषधांइतकाच शहरातील वास्तव्याचा खर्च जड जातो. रोजंदारी बुडते, खोलीचे भाडे चढते. म्हणूनच देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे, की शस्त्रक्रियेसाठी साहाय्य करताना रुग्ण व त्याच्या सोबत्याच्या निवास-भोजनाचाही विचार व्हावा. अखेरच्या दिवसापर्यंत रुग्ण उपचारांना येऊ शकला, तरच शस्त्रक्रियेवर झालेला खर्च व सोसलेले कष्ट सार्थकी लागतील.