सुकाणू पडलेल्या माणसाकडे

बाळा, जर्मनीत मोटरबोटीचा परवाना काढायचं मनावर घेतलंस, मला फार बरं वाटलं. पंधरा अश्वशक्तीच्या वरचं इंजिन असलं की तिकडे नदीवर परवाना लागतो आणि ऱ्हाईनवर पाचाच्या वर गेलं तरी लागतो, हे तू फोनवर सांगितलंस. पटलं मला. जोराच्या धारेत थोडीही चूक महाग पडते.

लेखी परीक्षेत तीस प्रश्न असतात म्हणालास. त्यात काठांचा प्रश्न चुकवू नकोस. पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करून नदीचा डावा-उजवा काठ ठरतो, तू कुठून येतोयस त्याला अर्थ नाही. उजनी धरणाचा डावा कालवा, उजवा कालवा आपण लहानपणापासून म्हणतो ना, तोच हिशेब. करमाळा डाव्या काठाला, इंदापूर उजव्या. तिकडचे बोयेही तसेच: वाटेच्या उजव्या कडेला लाल, डाव्या कडेला हिरवे. म्हणजे तू धारेच्या उलट चढत असशील तेव्हा लाल बोया तुझ्या डाव्या हाताला दिसेल. घाईत इथंच गफलत होते.

समोरून धारेबरोबर उतरणारी बोट आली तर चढणाऱ्यानं तिला वाट करून द्यायची. उतरणाऱ्याला पाणी ढकलत असतं, त्याला थांबणं अवघड. एकशेदहा मीटर लांबीच्या मालवाहू बोटीपुढं तर तू हक्काचा विचारही करू नकोस, आधीच बाजूला हो. धक्क्याला लागताना बोटीचं तोंड धारेकडे ठेव. पंढरपुरात चंद्रभागेला पाणी असतं तेव्हा होडीवाल्यांकडे नीट बघ, धारेचाच ब्रेक करून काठाला लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रात्यक्षिकात पाण्यात पडलेल्याला उचलायला लावतात. तो डावीकडे पडला तर सुकाणू डावीकडेच फिरवायचं. मन म्हणेल, माणसापासून लांब पळ. ऐकू नकोस. बोटीचं तोंड त्याच्याकडे वळलं की मागची बाजू उलट फिरते आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो. त्याच क्षणी इंजिन न्यूट्रलला. एकाला त्याच्याकडे हाताचं बोट रोखून उभं कर, त्यानं नजर हलवायची नाही. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही. मग वळसा घालून हळू ये आणि तो हाताशी आला की इंजिन बंद. पंखा फिरत असताना कुणालाही वर ओढायचं नाही. हे मी उजनीच्या फुगवट्यात रिकाम्या कॅनला माणूस समजून शेकडो वेळा केलंय. तूही कर.

वाऱ्याचं परीक्षेत फार विचारत नसतील, मी सांगतो. 21 मे 2024 ची संध्याकाळ तुला आठवते. उजनी धरणाचा साठा उण्यात होता तरी कुगाव आणि कळाशी या गावांच्या मध्ये पाणी खोल होतं. वळवाचं वादळ उठलं, बोट बुडाली आणि सहा जण गेले. एक जण पोहून काठाला लागला. तो दिवस आठवला की अजून घास उतरत नाही. त्यानंतर वळवाच्या दिवसांत पश्चिमेला काळं दिसलं आणि वारा एकदम पडला, की मी बोट सोडलेली नाही. पुढारी असो, वऱ्हाड असो. तुझ्याकडेही उन्हाळ्यात ढग असेच अचानक उठतात. मध्ये सापडलास तर लाटेला तोंड दे, आडवा होऊ नकोस, माणसं खाली बसव. आणि जॅकेट काठावरच घालायचं, बोटीत बसल्यावर नव्हे.

गाठीही बांधून दाखवाव्या लागतात म्हणालास. त्यातला न आवळणारा फास मला सगळ्यात प्रिय. ओल्या दोरानं, अंधारात, एका हातानं बांधून बघ. जमला की मला व्हिडिओ पाठव, कुठं सैल राहतोय ते सांगतो.