पेन्सिलीची घाई

माणसाच्या मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती निव्वळ कूर्चा असतात, एक्स-रेत दिसतसुद्धा नाहीत. तिसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांतली जेमतेम तीनेक हाडं टणक होऊ लागलेली असतात आणि शेवटचं हाड दिसायला मूल आठ वर्षांच्या पुढे जावं लागतं. अशा मनगटाकडून हल्ली तिसऱ्या वर्षी ‘अ’ गिरवून घेतला जातो, तोही रेघेबाहेर न जाता.

आमच्या परिचयातल्या पुण्याच्या एका आईने हेच केलं होतं. तिला आलेला अनुभव ती आता सोसायटीतल्या प्रत्येक नव्या आईबाबांना न विचारता सांगते, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकावा असाच तो आहे. मुलगा तीन वर्षांचा व्हायचा होता, जूनमध्ये नर्सरी सुरू होणार होती. हिने जानेवारीतच तयारीला सुरुवात केली. भिंतीवर तक्ते लागले, एबीसीडीची कार्डं आली, संध्याकाळी गिरवायची वही. उन्हाळ्यापर्यंत तो वीसपर्यंत आकडे धडाधड म्हणू लागला. पाहुणे खूश. (पाहुण्यांसमोर पोराला पोपटासारखं बोलायला लावण्याची हौस आपल्याकडे कुठल्या पिढीत नव्हती?)

जूनमध्ये गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. त्याला डब्याचं झाकण उघडता येईना. चड्डी खाली करता येईना आणि शू लागल्याचं अनोळखी बाईंना सांगायची हिंमत होईना. घरी आजी मागे धावत भरवायची, त्यामुळे पोळीभाजी समोर असूनही तो कुणीतरी घास देईल म्हणून बसून राहायचा. तीन चमचे आण म्हटलं, तर वीसपर्यंत मोजणारा हा गडी मूठभर चमचे घेऊन यायचा. आणि पेन्सिल दिसली की दोन्ही हात पाठीमागे! शाळेतल्या ताईंनी आईला समोर बसवलं, वही बॅगेत परत ठेवायला सांगितली आणि पोराच्या हातात कणकेचा गोळा दिला.

मग गृहपाठ मिळाला तो आईला. मटार सोलायला मुलाला शेजारी घ्या. भुईमुगाच्या शेंगा फोडू द्या, मोठे मणी ओवू द्या, चिमटीने रांगोळी सोडू द्या, ओला रुमाल पिळू द्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची जी पकड लिहायला लागते, ती अशा कामांतून हळूहळू येते. बहुतेक मुलांमध्ये ती चार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्की होते. त्याआधी मूल खडू मुठीत धरतं, आणि त्या वयाला ते शोभतंच. बोटांच्याही आधी खांदा आणि दंड भक्कम व्हावे लागतात. म्हणून बागेतल्या जाळीवर चढणं, दांडीला लोंबकळणं ही लिहिण्याचीच पूर्वतयारी. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही, त्यामुळेच बहुधा त्याची जाहिरातही कुणी करत नाही.

खरं तर महाराष्ट्राला हे नव्याने शिकायची गरज नव्हती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीचं लाकडी साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं. या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. तिथे हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही शिक्षणाचाच भाग होता. अंगणवाडी घडली ती अशी. आज महागड्या नर्सऱ्यांच्या माहितीपत्रकात ‘सेन्सरी प्ले’ म्हणून जे छापलं जातं, ते कोसबाडच्या वारली मुलांचं कधीच खेळून झालं होतं.

भाषेचंही तसंच. इंग्रजी माध्यमाच्या धास्तीने घरात अर्धीमुर्धी इंग्रजी बोलायला लागणारे आईबाप मुलाला दोन्हीकडून कोरडं ठेवतात. ज्या भाषेत आजीला गोष्ट रंगवता येते, त्या भाषेत ती रोज रंगू दे. मुलाने मध्येच ‘मग काय झालं?’ विचारलं, तर समजा की कान तयार होतायत.

राहिला दारातला निरोप. ‘आलेच हं’ म्हणून मागच्या मागे सटकणारे पालक दर जूनला शाळाशाळांतून दिसतात. मुलाचं त्या दिवशीचं रडणं त्याने टळतं, पण दुसऱ्या दिवशी ते आईचा हातच सोडत नाही. जाते आहे असं सांगून जावं, आणि परत कधी येणार ते त्याला कळेल अशा हिशोबात सांगावं. साडेअकरा त्याला कळत नाहीत, ‘खाऊ खाऊन गाणी झाली की’ हे कळतं. सांगितलेली वेळ मात्र पाळावी. शाळा सुरू होण्याआधी मावशीकडे किंवा शेजारी तासभर एकटं राहायची सवय झाली असेल, तर निम्मं काम होतं.

मुलाखतीची धास्ती अजूनही काही घरांत असते. शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ने मनाई केली आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत, नंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा मुलाखतीसाठी पोराला रंगांची इंग्रजी नावं घोकायला लावू नका.

त्यापेक्षा शाळेचीच मुलाखत घ्या. वाळू, माती, पाणी कुठे आहे ते पाहा. शौचालय लहान मुलांच्या उंचीचं आहे का, तिथे सोबत कोण जातं, हे विचारा. आणि तीन वर्षांच्या मुलांना रोज लिहायला देता का, हेही विचारा. उत्तर अभिमानाने ‘हो’ असं आलं, तर दुसरी शाळा बघा.