बिबट्या हवा, तर आधी स्पेक बघा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये नव्यानं हंटर घेणाऱ्याला मी पहिली सूचना देईन ती धनुष्याबद्दल नाही, जनावराबद्दल. एखाद्या प्राण्यावर डोळा ठेवून रात्री जागवण्याआधी तो कोणत्या कुळातला आहे ते पाहून घ्या. कुळ 'एक्झॉटिक' असेल, तर तो प्राणी बीस्ट मास्टरी या स्पेकच्या, म्हणजे हंटरच्या त्या शाखेच्या, खेळाडूचा. मार्क्समनशिप किंवा सर्व्हायव्हल घेतलंत की तो तबेल्यात पडून राहतो आणि हाक मारली तरी येत नाही. हा नियम २००८ च्या ऑक्टोबरात, रॅथ ऑफ द लिच किंग या विस्ताराच्या तोंडावर आला. डेव्हिलसॉर, कोअर हाउंड, कायमेरा ही कुळं त्या कुंपणाआत गेली आणि त्यांच्याबरोबर गेले स्पिरिट बीस्ट. शोलाझार बेसिनमधला तो चमकता, ठिपकेदार बिबट्या लोकनहाक त्यांतलाच. त्या काळी बीस्ट मास्टरीच्या टॅलेंट-झाडाच्या अगदी टोकाशी, ५१ व्या पॉइंटला, ही परवानगी मिळायची. माझं म्हणणं असं की कुंपण घालायचंच असेल तर ते प्राण्याच्या ताकदीला घाला, त्याच्या रूपाला नको.

याचं कारण खेळानंच आपल्याला शिकवलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत पाळलेल्या जनावराला खायला घालावं लागे. ते नाराज असलं तर त्याचा मारा कमी पडे, आणि फारच दुर्लक्ष झालं तर ते चक्क सोडून जाई. त्याला नाव ठेवायचं, त्याची निष्ठा पायरीपायरीनं वाढवायची. एवढं सगळं करायला लावल्यावर खेळणाऱ्याचा जीव जडला तर नवल काय? आणि जीव जडतो तो आकड्यांवर नाही. बॅडलँड्समधला ब्रोकन टूथ पाहा. इतर जनावरं साधारण दोन सेकंदांनी एक फटका मारत तेव्हा हा दर सेकंदाला एक मारायचा, त्यामुळे समोरच्या जादूगाराचा मंत्र पुनःपुन्हा लांबायचा. त्याच्यासाठी लोक तासन्‌तास दबा धरून बसत. पुढे सगळ्या जनावरांची गती सारखी करण्यात आली आणि त्याची ती खासियत गेली. उरलं काय, तर तो मांजरकुळातला प्राणी, त्याचं रूप आणि धन्यानं ठेवलेलं नाव. ताकद ही कंपनीची ठेव आहे, ती केव्हाही परत घेतली जाते. खेळणाऱ्याचं म्हणावं असं जे काही आहे ते रूप आणि नाव.

स्पेकचंही तसंच. तुम्ही ज्या स्पेकवर विसंबून जनावर निवडता तो स्पेक कायम तोच राहील याची हमी कुणी दिलेली नाही. २०१४ मध्ये लोन वुल्फ आलं आणि जनावर न बाळगणाऱ्या हंटरला जास्त मारा मिळू लागला. २०१६ मध्ये लीजन या विस्तारानं सर्व्हायव्हलच्या हातातलं दुरून मारायचं शस्त्र काढून भाला दिला. २०२५ च्या फेब्रुवारीत मार्क्समनशिपचं नेहमीचं पेटच गेलं, त्याच्या जागी टेहळणीचा गरुड आला. जमीन अशी सरकत असताना वर्षानुवर्षं सांभाळलेला प्राणी एका स्पेकच्या खुंटीला बांधणं मला शहाणपणाचं वाटत नाही. यावर कुणी म्हणेल, आता स्पेक फुकट बदलता येतो, मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की रेडमध्ये कोणता स्पेक खेळायचा हे पुष्कळदा गटाची गरज, अंगावरचं सामान आणि हाताला बसलेली सवय ठरवते. लढाई जिथे खरी, नेमका तिथेच तो बिबट्या तबेल्यात असतो. गावात फिरवायला मात्र मिळतो. ही सोय म्हणायची की चेष्टा, ते तुम्हीच ठरवा.

याहून वजनदार आक्षेप स्पेकच्या ओळखीचा आहे. वॉरलॉकचा फेलगार्ड डेमनॉलॉजीचाच, डेथ नाइटचा कायमचा घूल अनहोलीचाच. मग बीस्ट मास्टरीनं आपला हक्क का सोडावा? प्रश्न रास्त आहे, पण तुलना लंगडी आहे. फेलगार्ड हा मंत्र आहे. तो शिकला की हजर होतो. लोकनहाक शोलाझारमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी, अनिश्चित वेळी उगवतो. त्याला शोधावं लागतं, वाट पाहावी लागते, दुसऱ्यानं आधी गाठला तर पुन्हा पहिल्यापासून. मंत्रावर स्पेकचा शिक्का शोभतो, शिकारीवर शोभत नाही. शिवाय बीस्ट मास्टरीची ओळख एवढी दुबळी नाही. २०१८ पासून ॲनिमल कम्पॅनियन या टॅलेंटनं दोन जनावरं एकाच वेळी बरोबर नेता येऊ लागली. ती त्या स्पेकपाशीच राहू देत. स्पिरिट बीस्टची जखम भरून काढणारी स्पिरिट मेंडही तिथेच राहू दे. बाकीच्या हंटरांना तोच बिबट्या साध्या मांजराच्या ताकदीनं मिळाला, तर बीस्ट मास्टरीचं नेमकं काय कमी होतं?

दुर्मिळपणा जाईल, अशीही तक्रार ऐकू येते. तो मुळात स्पेकमुळे आलेलाच नाही. स्पेक तर कुणीही क्षणात बदलतो. दुर्मिळपणा येतो प्रतीक्षेतून आणि कष्टातून, आणि त्याची चांगली तोड खेळात आधीच आहे. २०१३ मध्ये आइल ऑफ जायंट्सवरच्या झंडालारी डायनोमॅन्सरांकडून एक जुनी पोथी मिळू लागली. ती वाचली की डायरहॉर्न पाळता येतो, स्पेक कुठलाही असो. पोथी मिळेपर्यंत घाम गाळायचा, मिळाल्यावर ती विद्या आपली. स्पिरिट बीस्टांसाठी अशी एखादी अवघड पोथी ठेवली असती तर हा वाद उरलाच नसता.

तोवर हंटरानं आपल्यापुरती काळजी घ्यावी. मुख्य स्पेक बीस्ट मास्टरी नसेल, तर मन साध्या कुळांत गुंतवा. ती कमी दर्जाची नाहीत. २०११ च्या फायरलँड्स पॅचमध्ये हंटरांची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम अवघड करून ठेवलेले डेथटिलॅकसारखे जळते कोळी आले. कोळी हे साधंच कुळ, पण त्यांना पाळताना घाम फुटतो. आणि एक्झॉटिकच हवा असेल, तर पाळायला जाण्याआधी बीस्ट मास्टरीत या. दुसऱ्या स्पेकमध्ये तो समोर उभा राहिला तरी तुम्हाला नुसता पाहतच बसावा लागेल.