लेथवरून काढलेला जॉब पुन्हा मध्यावर कसा आणावा?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर, फिटर किंवा मशिनिस्टचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थी मित्रांसाठी हा छोटासा पाठ आम्ही लिहीत आहोत. लेथवर जॉब बांधणे आणि टर्निंग करणे काही महिन्यांत जमते. परंतु अर्धवट झालेला जॉब काढून तो पुन्हा अचूक बांधणे, ही कारागिराची खरी परीक्षा होय.

आम्ही शिकाऊ असताना एका कारखान्यात आम्हाला पंपाचा शाफ्ट करावयास दिला होता. दोन्ही टोकांना बेअरिंगच्या जागा होत्या. थ्री-जॉ चकमध्ये धरून एक टोक केले, जॉब उलटा बांधला आणि दुसरे टोक केले. मायक्रोमीटरने दोन्ही व्यास बरोबर आले, म्हणून आम्ही खूश झालो. तपासणी विभागात शाफ्ट सेंटरमध्ये धरून फिरविला, तेव्हा डायल इंडिकेटरचा काटा १२ शतांश मिलिमीटर हलला. दीड दिवसाचे काम भंगारात गेले. मायक्रोमीटर व्यास मोजतो, मध्य मोजत नाही, हा धडा आम्हाला त्या दिवशी मिळाला.

चूक कोठे होते?

थ्री-जॉ चकचे तीनही जबडे एकाच स्क्रोलवर एकदम सरकतात. काम झटपट होते, पण स्क्रोल व जबडे झिजतात, खाचेत बुरादा अडकतो आणि मध्य ढळतो. चांगल्या चकमध्येही ५ ते १० शतांशांचा फरक येऊ शकतो. जोपर्यंत जॉब काढला नाही तोपर्यंत हा दोष बाधत नाही. कारण टूलने कापलेला पृष्ठभाग आपोआप स्पिंडलच्या मध्याशी जुळतो. जॉब काढून पुन्हा बांधला की दोष उघडा पडतो. जबड्यासमोर जॉबवर खूण करून त्याच जागी बांधल्यास फरक कमी होतो, पण खात्री देता येत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की ज्या पृष्ठभागांचा मध्य एकच असला पाहिजे, ते शक्यतो एकाच बांधणीत पूर्ण करावेत. मोजमाप जॉब चकमध्ये असतानाच घ्यावे. काढणे भागच असेल, तर चकसह जॉब उतरविता येतो का ते पाहावे. तसे करताना बेडवर लाकडी फळी ठेवावी आणि पुन्हा बसविताना चकचे आटे व टेकणारा खांदा पुसून घ्यावा. तेथे एक बारीक चिप राहिली तरी चक तिरका बसतो.

दोन सेंटरमधील काम

लांब शाफ्टसाठी ही पद्धत सर्वांत भरवशाची. दोन्ही टोकांना ६० अंशांची सेंटर छिद्रे असल्यामुळे जॉबचा मध्य जॉबमध्येच राहतो. कितीही वेळा काढा, घाला, तो तेथेच येतो. अटी तीन आहेत. छिद्रे व सेंटर स्वच्छ हवेत. हेडस्टॉकचे सेंटर डायल लावून तपासलेले हवे. आणि डॉगची शेपटी प्रत्येक वेळी प्लेटच्या त्याच खाचेत जावी. हेडस्टॉकचे सेंटरच डगमगत असेल, तर जॉब उलटा केल्यावर दोन टोकांचे मध्य जुळणार नाहीत. आमचा शाफ्ट या पद्धतीने केला असता तर वाचला असता.

फोर-जॉ चकमध्ये मध्य साधणे

सेंटर छिद्रे नसतील तर फोर-जॉ चक वापरावा. त्याचा प्रत्येक जबडा स्वतंत्र सरकतो, त्यामुळे चूक दुरुस्त करता येते. क्रम असा :

१) तयार पृष्ठभागावर सारख्या जाडीच्या तांब्याच्या पट्ट्या ठेवून जॉब हलका धरावा. चकच्या तोंडावरील वर्तुळांवरून तो अंदाजे मध्यावर आणावा.

२) डायलचे टोक आधी अचूक केलेल्या पृष्ठभागावर टेकवावे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चक हाताने फिरवावा.

३) १ नंबरचा जबडा डायलसमोर आणून वाचन घ्यावे, मग समोरच्या ३ नंबरचे घ्यावे. समजा, १ नंबरकडे काटा ४० शतांश जास्त दाखवितो. मध्य त्याच्या निम्म्याने, म्हणजे २० शतांशच ढळलेला आहे. पूर्ण ४० सरकविणे ही नवशिक्याची नेहमीची चूक असते.

४) ३ नंबर किंचित सैल करून १ नंबर आवळावा व काटा २० शतांश मागे आणावा. नंतर २ व ४ ची जोडी तशीच जुळवावी. दोन्ही जोड्या पुन्हा एकदा पाहाव्यात.

५) आता डायल जॉबच्या बाहेरच्या टोकाकडे न्यावा. तेथे काटा हलत असेल, तर जॉब तिरका आहे. डायल दूर करून तांब्याच्या हातोडीने हलके ठोकावे. जबडे हलवू नयेत.

६) चारही जबडे थोडे थोडे, समोरासमोरच्या जोडीने आवळून दोन्ही ठिकाणी पुन्हा वाचन घ्यावे. आवळताना मध्य हमखास थोडा सरकतो. ड्रॉइंगमधील मर्यादेत काटा आल्याशिवाय टूल लावू नये.

आट्यांचे काम अर्धवट असेल, तर एवढ्याने भागत नाही. टूल दूर ठेवून हाफ-नट गुंतवावे, स्पिंडल कापण्याच्या दिशेने फिरवून गिअरची ढिलाई काढावी आणि मग कंपाउंड स्लाइड व क्रॉस स्लाइड सरकवून टूल जुन्या खाचेत बरोबर बसवावे.

शेवटी एक सूचना. मशीन सुरू करण्यापूर्वी चकची चावी काढली आहे ना, डायलचा स्टँड दूर आहे ना, हे पाहावे. चकमध्ये राहिलेली चावी उडून जबर इजा करते.

सुरुवातीला फोर-जॉवर अर्धा तास लागेल. कंटाळू नये. सरावाने हेच काम पाच मिनिटांत होते. रिकाम्या वेळी एक जुना गोल तुकडा घेऊन तो काढावा, बांधावा, काटा स्थिर करावा आणि पुन्हा काढावा. तपासणी विभागात जाण्याआधी आपला जॉब आपणच डायलखाली फिरवून पाहण्याची सवय ज्या विद्यार्थ्याने लावून घेतली, त्याला आमच्यासारखे दीड दिवसाचे काम भंगारात टाकावे लागणार नाही.